रिपोर्ट आधी कुणाचा आला? – एचआयव्ही, बाई आणि घर : ठाणे-नवी मुंबईतल्या मैत्रिणींसाठी मार्गदर्शक

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायला आलेली मुलगी. वय बावीस-तेवीस. सासू बाहेर बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. गरोदरपणात सगळ्यांच्याच होतात त्या रक्ताच्या चाचण्या झाल्या आणि एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. समुपदेशनाच्या खोलीत तिला हे सांगितलं. तिने खूप वेळ टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आता हे सगळं माझ्यावरच येणार ना?" नवऱ्याची चाचणी तोवर झालीच नव्हती.

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. घरात ज्याचा रिपोर्ट आधी येतो, आजार त्यानेच आणला असं धरलं जातं. आपल्याकडे रिपोर्ट आधी बाईचा येतो, कारण दिवस गेले की तिची चाचणी होते. पुरुषाला चाचणीच्या खोलीपर्यंत नेणारं असं काही घडतच नाही. आधी कळलं म्हणजे आधी झालं असं नसतं. ही एक गोष्ट घराघरात पोचली तरी कितीतरी मुली माहेरी धाडल्या जाण्यापासून वाचतील.

हा शिक्का जुना आहे. भारतात १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा एचआयव्ही सापडला तो देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्तात, कारण तपासायला त्यांचंच रक्त घेतलं होतं. तेव्हापासून लोकांच्या मनात हा 'तसल्या बायकांचा' आजार होऊन बसला. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यात ४४-४५ टक्के स्त्रिया आहेत. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. या स्त्रियांमध्ये कितीतरी जणी अशा आहेत, ज्यांचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नाही.

बाईला धोका जास्त का

शरीरापासून सुरुवात करू. निरोधाशिवाय संबंध आला तर पुरुषाकडून बाईकडे विषाणू जाण्याची शक्यता उलट दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. योनीतल्या नाजूक त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, वीर्य आत बराच वेळ राहतं आणि वीर्यात विषाणूचं प्रमाणही जास्त असू शकतं. कमी वयाच्या मुलींच्या गर्भपिशवीचं तोंड पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांना धोका आणखी. त्यात गुप्तरोगाची लक्षणं बाईला पटकन कळत नाहीत. आत फोड असेल तर दिसत नाही. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे 'बायकांचं चालायचंच' म्हणून अंगावर काढलं जातं आणि तेवढ्या काळात सुजलेल्या, सोललेल्या त्वचेतून एचआयव्हीला वाट मिळते.

दुसरं कारण घरातलं. एपीएमसीत माल उतरवणारा, जेएनपीटीच्या कंटेनरवर ड्रायव्हर असलेला, वागळे इस्टेटमध्ये शिफ्ट करणारा, आयटी पार्कमधून महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असणारा – नवरा कुणीही असो, तो बाहेर काय करतो यावर बायकोचा धोका ठरतो आणि तिला त्यातलं काही ठाऊक नसतं. मी नवऱ्यांवर सरसकट संशय घ्यायला सांगत नाही. 'मी चांगली आहे, मला काय होणार' या भरवशावर राहू नका, एवढंच सांगते.

पहिली पायरी : चाचणी, दिवस जायच्या आधी

लग्न ठरलं की दोघांनी करा. पत्रिका बघायला जातो, त्यातल्याच एका सकाळी हेही होतं. लग्न होऊन वर्षं झाली असतील आणि कधीच केली नसेल तर एकदा दोघं जाऊन या. नवऱ्याला किंवा तुम्हाला टीबी निघाला, गुप्तभागाला फोड आले, पांढरं पाणी औषध घेऊनही परत परत जात असेल, नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधाची शंका असेल किंवा पहिला नवरा आजारपणात गेला असेल, तर थांबू नका. आणि प्रत्येक गरोदरपणात, पहिल्या बाळाच्या वेळी निगेटिव्ह आली होती तरीही, पहिल्याच भेटीत चाचणी करून घ्या.

सरकारी चाचणी केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. ठाण्यात जिल्हा शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबईत वाशी सेक्टर १० मधलं महापालिकेचं रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ आणि नेरूळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय. इमारतींच्या कामामुळे विभाग इकडचे तिकडे हलतात, म्हणून निघण्याआधी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळचं केंद्र आणि वेळ विचारून घ्या. सकाळी ओपीडीच्या वेळेत गेलेलं बरं.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी आहे. ऐरोलीच्या सेक्टरमध्ये किंवा लोकमान्य नगरच्या चाळीत सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यावर बायकांनीच काढलेला मार्ग सांगते : ठाण्याची बाई ट्रान्स-हार्बरची गाडी धरून वाशीला येते, दिघ्याची ठाण्याला जाते. तुमचा पत्ता कुठला का असेना, कुठल्याही केंद्रावर चाचणी होते.

आत गेल्यावर आधी बोलणं होतं, मग तुमची संमती घेतात, मग रक्त. पैसे लागत नाहीत. पहिल्या किटवर काही दिसलं तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किटने तपासतात आणि तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात बोटाला सुई टोचून केलेली चाचणी ही फक्त पहिली चाळण असते. तेवढ्यावर घरी जाऊन रडत बसू नका, आयसीटीसीत पक्की करून घ्या. रिपोर्ट तुमच्या हातात देतात. बाहेर बसलेल्या सासूला, दिराला, नवऱ्याला नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. विषाणू शरीरात शिरल्याबरोबर चाचणीत सापडत नाही. मध्ये काही आठवडे जातात, कधी तीन महिन्यांपर्यंत. म्हणून शंका कालच्या-परवाच्या प्रसंगाची असेल तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा नाही. समुपदेशक तारीख देतील त्या दिवशी परत जा. तोपर्यंत निरोधाशिवाय संबंध नको.

दुसरी पायरी : रिपोर्ट आल्यावर घरी काय सांगायचं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. औषध सरकार देतं, पण घर बाईलाच सांभाळावं लागतं.

त्याच दिवशी, त्याच तावात घरी जाऊन सांगू नका. खोलीत बसा, पाणी प्या, समुपदेशकांना विचारा की नवऱ्याला कसं बोलवायचं. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याला केंद्रावरच बोलवून घेणं. गरोदर बाईच्या बाबतीत तर सरळ सांगता येतं, "डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासायला सांगितलंय." हे खोटं नाही. नवऱ्याची चाचणी झाली पाहिजे असंच सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात ठरलेलं आहे. दोघांचे रिपोर्ट एका टेबलावर आले की 'कुणी आणलं' हा वाद पुष्कळसा बसतो, कारण तिसरी व्यक्ती समोर असते आणि ती सांगू शकते की कुणाला कधी लागण झाली हे या रिपोर्टवरून ठरत नाही.

त्याचा निगेटिव्ह आला तर? तसंही होतं. जोडीदारांपैकी एक पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशी जोडपी पुष्कळ आहेत आणि संसार करतात. बाईला जुन्या रक्त चढवण्यातून, निर्जंतुक न केलेल्या सुईतून, कधी लहानपणीच आईकडून लागण झालेली असू शकते. त्याच्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की तुम्ही गोळ्या सुरू केल्यात आणि निरोध वापरलात तर तो सुरक्षित राहतो.

आता ज्या घरात मारहाण होते त्याबद्दल. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक समुपदेशनानंतर त्याला कळवू शकतात. पण त्याच कलमात असंही लिहिलंय, की कळवल्याने मारहाण होईल, बाईला टाकून देतील अशी रास्त भीती असेल तर, विशेषतः बाईच्या बाबतीत, कळवू नये. म्हणून घरात हात उगारला जात असेल तर लाजू नका, समुपदेशकांना पहिल्याच भेटीत सांगा. ते ऐकून पुढचा मार्ग वेगळा आखला जातो : आधी गोळ्या, आधी एखादी विश्वासाची व्यक्ती, मग नवरा.

कुणाला सांगायचं याची यादी छोटी ठेवा. आई, एखादी बहीण, कधी मोठी जाऊ. चाळीत, सोसायटीत, भिशीत, कामाच्या ठिकाणी सांगायची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. ताटवाटी वेगळी करायचं कारण नाही. एकत्र जेवणं, एकच संडास, मिठी, लेकराचा पापा, डास चावणं – यातून एचआयव्ही पसरत नाही.

तिसरी पायरी : गोळी

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. तेव्हा तब्येत खालावल्यावर गोळ्या मिळत. २०१७ पासून नियम बदलला : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असो, गोळ्या सुरू करायच्या. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र असलेली, आणि ती आयुष्यभर. सिव्हिल आणि वाशीच्या रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. सुरुवातीला महिन्याच्या गोळ्या देतात, तब्येत स्थिरावली की एकदम दोन-तीन महिन्यांच्या.

वेळ अशी निवडा जी चुकणार नाही. मला भेटलेल्या एका ताई रबाळ्याला घरकामं करायच्या, सकाळी साडेपाचला पाणी भरायला उठायच्या. डॉक्टरांनी रात्री नऊ सांगितलं होतं आणि रात्री त्या दमून झोपून जायच्या. वेळ बदलून पाणी भरायची केली. हंड्याजवळच्या फळीवर डबी ठेवली आणि पुढे खाडा झाला नाही.

गरोदर मैत्रिणींनी हे खास लक्षात ठेवा. दवाखान्यातून लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळीही मिळते. एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर नावाचं औषध असतं आणि उपाशीपोटी ती लोह किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर अंगी नीट लागत नाही. म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या, किंवा सगळ्या एकत्र जेवणाबरोबर घ्या. पित्ताच्या पातळ औषधालाही दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हाच नियम, पण तिथे जेवणाबरोबर एकत्र घेऊन चालत नाही. टीबीचं औषध चालू असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्यात एआरटीचा डोस वाढवावा लागतो.

सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी व्हायरल लोड करतात, म्हणजे रक्तात विषाणू किती उरला ते मोजतात. रोज गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा विषाणू मोजण्यापलीकडे खाली जातो, आणि तो तिथे टिकला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मोठमोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेली ही गोष्ट आहे. हे ऐकल्यावर नवराबायकोचे चेहरे कसे सैल होतात ते मी पाहिलंय. म्हणून व्हायरल लोडची तारीख चुकवू नका आणि आकडा काय आला ते विचारा. तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी एक तपासणी, जी सहसा कुणी आठवण करून देत नाही : पिशवीच्या तोंडाची. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांना पंचविशीपासूनच दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करायला सांगते. एआरटीच्या फाइलवर त्याची तारीख लिहून घ्या.

चौथी पायरी : निरोध, आणि तो मागायचा कसा

कॉपर-टी, माला-डी, ऑपरेशन ही सगळी दिवस राहू नयेत म्हणून. एचआयव्हीसाठी यांचा काहीही उपयोग नाही. आपल्याकडे दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन झालं की निरोध घरातून हद्दपार होतो आणि बाई उघडी पडते. हे मी फार पाहिलं.

"वापरा ना" म्हटलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" हे ठरलेलं उत्तर येतं. विश्वासाच्या वादात शिरू नका, दवाखान्याच्या वाटेने जा. पांढरं जाणं किंवा खाज असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत तपासणी होते. बहुतेक गुप्तरोगांत नवराबायको दोघांनाही औषध देतात आणि ते संपेपर्यंत निरोध वापरायला सांगतात. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून घरात आलेला निरोध काही घरांत पुढे टिकतो. केंद्रावर तो मोफत मिळतो, मागताना कारण सांगावं लागत नाही.

पाकिटावरची तारीख बघा. नवऱ्याच्या पाकिटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर महिनोन्‌महिने तापलेला वापरू नका. कोरडेपणासाठी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर निरोधाचं रबर फाटतं. पाण्यावर आधारित जेली घ्या, मेडिकलमध्ये मिळते.

७२ तास

निरोध फाटला आणि जोडीदार पॉझिटिव्ह आहे, किंवा बळजबरी झाली, तर घड्याळ महत्त्वाचं. लागण टाळणारं औषध २८ दिवस घ्यायचं असतं. ते शक्यतो दोन तासांच्या आत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. रात्र असली तरी सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. बळजबरीच्या घटनेत कुठलंही रुग्णालय, सरकारी किंवा खासगी, उपचार नाकारू शकत नाही. "आधी पोलिसांचा कागद आणा" असं म्हणता येत नाही, आणि हे उपचार मोफत असतात. दिवस राहू नयेत म्हणूनची गोळीही तेव्हाच मागून घ्या.

घर, नोकरी, दवाखाना : हक्काच्या गोष्टी

एका खासगी नर्सिंग होममध्ये माझ्या ओळखीच्या गरोदर बाईच्या फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत रिपोर्ट लिहिला होता आणि नवव्या महिन्यात तिला दुसरीकडे जायला सांगितलं. त्या रात्री आम्ही तिला रिक्षाने सरकारी रुग्णालयात नेलं. त्या फाइलचा मला अजून राग आहे. आज कायद्याने एचआयव्हीमुळे उपचार, नोकरी, शिक्षण किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही, आणि संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. काम करायची ताकद असलेल्या माणसाला फक्त एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितलं होतं.

सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तातडीला महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन नंबर ११२. नवरा गेलेल्या, उत्पन्न नसलेल्या बाईने तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. एचआयव्हीबाधितांना त्यात जागा आहे. कोणती कागदपत्रं लागतील ते एआरटी केंद्रातले लोक सांगतात.

बाळ

काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईने वेळेत गोळ्या सुरू केल्या, बाळाला औषध दिलं, तर ते ५ टक्क्यांच्याही खाली येतं. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मूल पाडायची घाई करू नका. बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं. एचआयव्ही आहे एवढ्यावर सिझर करायची गरज नसते. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड करून घ्या, म्हणजे बाळाचं औषध किती दिवस द्यायचं ते ठरतं. साधारण सहा आठवडे, धोका जास्त असेल तर बारा.

आईचं दूध द्या. पहिले सहा महिने फक्त तेच. अडचण येते ती प्रेमाच्या माणसांकडून : आजी बाळगुटी उगाळते, मध चाटवते, "दूध पुरत नाही" म्हणून गाईचं दूध पाजते. आईच्या दुधाबरोबर असं वरचं दिलं की बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि लागणीचा धोका वाढतो. आजीला रिपोर्ट सांगायची गरज नाही. "डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा नको म्हटलंय" एवढं सांगा. ते प्रत्येकच बाळाला लागू आहे.

सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासतात, मग सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि शेवटची चाचणी अठराव्या महिन्यात. मध्येच घाबरून बाहेरच्या लॅबमध्ये बाळाची साधी चाचणी करू नका. साधी चाचणी विषाणू नाही, तर त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत असू शकतात, त्यामुळे लागण नसलेल्या बाळाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह दिसतो. असा एक कागद हातात घेऊन तीन रात्री न झोपलेली आई मी पाहिली आहे. तिच्या बाळाला काहीही झालेलं नव्हतं.

अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की बाळाची फाइल बंद होते. याच ठिकाणी पुष्कळ आया केंद्रावर यायच्या थांबतात, आता काम झालं असं समजून. त्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन तशाच एआरटीच्या खिडकीवर जा, स्वतःच्या गोळ्या घ्या आणि पुढची तारीख लिहून घेऊनच घरी निघा.